साथप्रसाराची गणितीय प्रतिमाने

संसर्गजन्य रोग लोकसंख्येत कसा पसरतो, त्याची साथ केव्हा उद्भवते, किती काळ टिकते आणि कोणत्या उपायाने आटोक्यात येते, या प्रश्नांचा संख्या व समीकरणे यांच्या साहाय्याने विचार करण्यासाठी जी मांडणी करतात, तीस साथप्रसाराचे गणितीय प्रतिमान म्हणतात. अशा प्रतिमानात लोकसंख्येचे सामान्यतः तीन वर्ग कल्पितात : रोगाची बाधा होऊ शकेल असे (रोगग्राही), बाधा झालेले व ती इतरांना देऊ शकणारे (बाधित) आणि रोगातून उठून प्रतिरक्षा लाभलेले किंवा मृत्यू पावलेले (निवृत्त). एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्याचा वेग ठरविला म्हणजे पुढील कोणत्याही काळी प्रत्येक वर्गात किती माणसे असतील, हे काढता येते.

या मांडणीच्या सर्वांत साध्या रूपात एक मोठे गृहीत दडलेले आहे. ते असे की, लोकसंख्येतील कोणतीही व्यक्ती इतर कोणाही व्यक्तीच्या संपर्कात येण्याचा संभव सारखाच असतो. या गृहीतास समांग मिश्रण म्हणतात. बंद पात्रातील वायूच्या रेणूंना ते बऱ्याच अंशी लागू पडते. माणसे मात्र कुटुंब, शाळा, वस्ती, पाणवठा, वय व व्यवसाय यांनी विभागलेली असतात. अशा विभागलेल्या लोकसंख्येस संरचित लोकसंख्या म्हणतात. ही रचना समीकरणांत कशी आणावयाची, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. लस प्रथम कोणास द्यावयाची, कोणती वस्ती आधी सुरक्षित करावयाची, यांची उत्तरे रचनेप्रमाणे बदलतात आणि काही वेळा उलटतातही.

पूर्वेतिहास : या विषयावरील पहिले महत्त्वाचे लेखन स्विस गणितज्ञ डॅन्येल बेर्नुली (१७००–८२) यांचे आहे. १७६० मध्ये त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे देवीच्या रोगाविषयी एक निबंध मांडला. तो १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला. देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसास टोचून सौम्य देवी आणण्याची पद्धत त्या वेळी वादग्रस्त होती, कारण टोचणीनेच काही जण दगावत. ज्यांना देवी आलेल्या नाहीत अशा आठांपैकी एकास दरवर्षी त्या येतात व आलेल्या आठांपैकी एक दगावतो, असे धरून बेर्नुलींनी ब्रेस्लौ शहराच्या मर्त्यता सारणीवरून गणित केले. देवीचा रोग नाहीसा झाल्यास सरासरी आयुर्मान २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, असे उत्तर आले. येथे लोकसंख्या वयानुसार विभागलेली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. वयाची रचना या विषयात प्रारंभापासूनच होती. पुढील दीड शतक तिचा विसर पडला.

या निबंधावर फ्रेंच गणितज्ञ झां दालांबेअर (१७१७–८३) यांनी आक्षेप घेतला. राज्याच्या दृष्टीने सरासरी तीन वर्षांचा लाभ मोठा असेल; परंतु तीस वर्षांच्या मनुष्यापुढे आजचा मृत्यूचा धोका आणि आयुष्याच्या अखेरीस मिळणारी थोडी वर्षे असा सौदा असतो व तो सरासरीने तोलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरासरी कोणाची, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम फार (१८०७–८३) यांनी साथीतील मृत्यूंच्या चढउताराला नियमित वक्राचे रूप असते, हे दाखविले. साथीच्या यंत्रणेत मात्र ते शिरले नाहीत. रशियात पी. डी. एन्को यांनी १८८९ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथील वसतिशाळांमधील गोवराचे गणित पिढीमागून पिढी अशा पद्धतीने मांडले. ते रशियन नियतकालिकात प्रसिद्ध झाल्याने जवळजवळ शंभर वर्षे पश्चिमेकडे अज्ञात राहिले. विल्यम हेमर (१८६२–१९३६) यांनी १९०६ मध्ये लंडनमधील गोवराच्या आवर्तनांचे विवेचन करताना, नव्या बाधितांची संख्या ही रोगग्राही व बाधित यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे तत्त्व मांडले. रसायनशास्त्रातील विक्रियांच्या वेगाच्या नियमाशी त्याचे साम्य उघड आहे. समांग मिश्रणाचे गृहीत या विषयात आले ते याच वाटेने.

हिवताप व दोन लोकसंख्या : अलमोडा येथे जन्मलेले व भारतीय वैद्यक सेवेत असलेले रॉनल्ड रॉस (१८५७–१९३२) यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे गणिती कार्य त्यामानाने कमी परिचित आहे. परंतु स्वतः रॉस त्यास अधिक महत्त्व देत असत. लाहोरजवळील मियांमीर छावणीत १९०२ पासून झालेल्या प्रयोगांत डासांविरुद्ध उपाय करूनही हिवताप हटला नाही. त्यावरून डास मारणे व्यर्थ आहे, असे मत बळावले होते. एक ना एक डास नष्ट केल्याशिवाय रोग जाणार नाही, असेच बहुतेकांना वाटे. रॉस यांनी माणसे व डास अशा दोन लोकसंख्या घेऊन समीकरणे मांडली आणि माणशी डासांची संख्या एका ठराविक मर्यादेखाली आणली म्हणजे उरलेले डास असूनही हिवताप आपोआप विरत जाईल, असे दाखविले. १९१० च्या सुमारास मांडलेली ही उंबरठ्याची कल्पना पुढील सर्व सिद्धांताचा पाया ठरली.

या पायावर जॉर्ज मॅक्डॉनल्ड (१९०३–६७) यांनी १९५० नंतर डासाच्या वयाचा विचार जोडला. परजीवी घेतल्यानंतर डास दुसऱ्यास बाधा देऊ लागेपर्यंत दहाबारा दिवस जातात व बहुतेक डास तितके जगतच नाहीत. म्हणून रोग पसरविणारे डास म्हणजे म्हाताऱ्या डासांचा एक लहानसा वर्ग होय. डासाचा रोजचा जगण्याचा संभव थोडासाही घटविला, तर हा वर्ग झपाट्याने आटतो. घराच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याच्या जागतिक मोहिमेला हे गणित आधारभूत वाटले. भारतात १९५३ मध्ये हिवतापाचे अंदाजे ७.५ कोटी रुग्ण होते, ते १९६५ पर्यंत सु. १ लाखावर आले. १९७६ मध्ये मात्र ही संख्या पुन्हा सु. ६४ लाखांवर गेली. डासांत आलेली कीटकनाशकाविरुद्धची प्रतिकारशक्ती, पैशाची टंचाई आणि ढिली पडलेली देखरेख यांसाठी समीकरणात जागा नव्हती.

मॅकेंड्रिक यांचे खेडे : अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक (१८७६–१९४३) हे रॉस यांच्याबरोबर १९०१ मध्ये सिएरा लिओनला गेले होते. पुढे त्यांनी भारतीय वैद्यक सेवेत व कसौली येथील पाश्चर संस्थेत काम केले. १९२० मध्ये ते एडिंबरो येथे परतले व तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९२६ मध्ये एडिंबरोच्या गणित संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलेला निबंध या विषयातील एक असाधारण लेखन आहे. वयानुसार विभागलेल्या लोकसंख्येचे आंशिक अवकल समीकरण त्यात प्रथम आढळते. तीस वर्षांनंतर ते इतरांनी पुन्हा स्वतंत्रपणे शोधले.

याच निबंधात एका भारतीय खेड्यातील पटकीच्या साथीचे उदाहरण आहे. खेड्यातील २२३ घरांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नव्हता. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन व एका घरात चार रुग्ण होते. सर्व घरांना सारखाच धोका होता असे धरले, तर ८६ रुग्णांची अशी वाटणी संभाव्यतेच्या नियमांत बसत नाही. रुग्ण नसलेली घरे फारच जास्त पडतात. तेव्हा मॅकेंड्रिक यांनी प्रश्न उलटा केला. ज्या ५५ घरांत रुग्ण होते त्यांच्यावरून, खरोखर धोक्यात असलेली घरे किती असावीत, हे त्यांनी काढले. उत्तर नव्वदीच्या घरात आले. याचा अर्थ, रुग्ण नसलेल्या १६८ घरांपैकी सु. १३० घरांशी रोगाचा संबंधच आलेला नव्हता. रोग पाण्यातून पसरला असावा, खेड्यात अनेक विहिरी असाव्यात व त्यांपैकी एकच दूषित असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि स्थानिक चौकशीत तो खरा ठरला, अशी नोंद केली.

खेडे एक असले, तरी पाणी एक नव्हते. भारतीय खेड्यात कोणी कोठले पाणी भरावे, हे केवळ अंतरावर ठरत नसे, हे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) ज्यांना ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको. केवळ आकड्यांच्या वाटणीवरून समाजाची अदृश्य विभागणी वाचता येते, हे या उदाहरणाने दाखविले. संरचित लोकसंख्येच्या विचाराचा इतका लहान व इतका पुरेसा नमुना या विषयात दुसरा नाही.

मुंबईचा प्लेग व १९२७ चे प्रतिमान : मॅकेंड्रिक यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य मात्र याच्या पुढील वर्षीचे आहे. विल्यम ओगिल्वी कर्मॅक (१८९८–१९७०) हे त्याच प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरचे गणित ते मनातच करीत. या दोघांचा १९२७ चा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यातील उंबरठा प्रमेयानुसार रोगग्राही माणसांची घनता एका मर्यादेहून कमी असल्यास साथ उद्भवत नाही; जास्त असल्यास उद्भवते, परंतु सर्व रोगग्राही संपण्यापूर्वीच थांबते. एक रुग्ण सरासरी किती जणांना बाधा देतो, या संख्येस पुढे मूलभूत पुनरुत्पादन संख्या हे नाव पडले. ती १ हून अधिक असेल तरच साथ पसरते.

हे सूत्र पडताळण्यासाठी लेखकांनी मुंबई बेटावरील १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले. सूत्रापासून मिळणारा घंटाकार वक्र सतराव्या आठवड्यात ८९० मृत्यूंचे शिखर गाठतो व प्रत्यक्ष आकड्यांशी आश्चर्यकारक रीत्या जुळतो. ही आकृती पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. तीवरून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते, की मुंबईतील प्लेगचे कोडे या समीकरणांनी सुटले.

वस्तुस्थिती निराळी होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी ज्याचे निदान केले, तो प्लेग माणसाकडून माणसाकडे क्वचितच जात असे. परळ येथे काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने नेमक्या याच साथीच्या काळात दाखवून दिले, की रोग प्रथम गटारांतील उंदरांत, मग घरांतील काळ्या उंदरांत व त्यानंतर पिसवांमार्फत माणसांत येतो. म्हणजे येथे एक नव्हे, तर किमान चार लोकसंख्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. शिवाय साथ ओसरली ती रोगग्राही माणसे संपल्यामुळे नव्हे. १९०६ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सु. पावणेदहा लाख होती आणि सूत्राप्रमाणे या साथीतील एकूण मृत्यू सु. ८,९०० भरतात. साथ दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास शिखर गाठी, पावसाळ्यापर्यंत ओसरे व पुढील हिवाळ्यात पुन्हा डोके वर काढी. कारण पिसवांचे जीवन हवामानावर अवलंबून असते. ऋतूला जागा नसलेले प्रतिमान हे आवर्तन दाखवू शकत नाही. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये या प्रश्नाचा सविस्तर फेरविचार प्रसिद्ध केला.

कर्मॅक व मॅकेंड्रिक यांच्यावर यासाठी दोष ठेवणे न्याय्य होणार नाही. माणसांतील प्लेग हे उंदरांतील रोगाचे प्रतिबिंब आहे व काढलेल्या स्थिरांकांवर फार विसंबू नये, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आकृतीची नक्कल करणाऱ्यांनी हा मजकूर गाळला. वक्र जुळला म्हणजे कारण सापडले असे नाही; घंटाकार वक्र अनेक निरनिराळ्या कारणांनी मिळू शकतो.

सरासरीचा धोका : समांग मिश्रण धरल्याने काय बिघडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. १०,००० वस्तीच्या गावात १,००० माणसे दाटीच्या भागात राहतात व तेथे प्रत्येक रुग्ण त्याच भागातील ३ जणांना बाधा देतो. उरलेल्या ९,००० माणसांत प्रत्येक रुग्ण सरासरी अर्ध्या माणसास, म्हणजे दोन रुग्ण मिळून एकास, बाधा देतो. दोन्ही भागांत फारशी जाये नाही. वस्तीच्या प्रमाणात सरासरी काढल्यास संख्या ०.७५ येते, ती १ हून कमी असल्याने साथ येणार नाही, असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात दाटीच्या भागात साथ भडकेल व तेथील सु. ९४० माणसांना बाधा होईल. याउलट, लस थोडीच असेल आणि ती पूर्ण प्रभावी असेल, तर त्या भागातील सु. ६७० माणसांना ती दिल्याने साथ टळते. तितकीच लस गावभर सारखी वाटल्यास ती जवळजवळ वाया जाते.

परस्परांत मिसळणाऱ्या अनेक गटांसाठी असे गणित रश्टन व माउट्नर यांनी १९५५ मध्ये प्रथम मांडले. प्रत्येक गटातील एक रुग्ण प्रत्येक गटातील किती जणांस बाधा देतो, त्यांचे आव्यूह तयार करून त्यापासून एकच पुनरुत्पादन संख्या कशी काढावी, याची सर्वमान्य व्याख्या डीकमान, हेस्टरबेक व मेट्स या डच गणितज्ञांनी १९९० मध्ये दिली. दरम्यान इतर दिशांनीही रचना येत गेली. रीड व फ्रॉस्ट (१९२८) आणि ग्रीनवुड (१९३१) यांनी कुटुंबातील प्रसार संभाव्यतेच्या साखळीने मांडला. बार्टलेट यांनी १९५७ मध्ये अडीच ते तीन लाखांहून लहान शहरात गोवर अधूनमधून पूर्ण नाहीसा होतो व बाहेरून पुन्हा यावा लागतो, असे दाखविले. व्ही. ए. र्‌वाचेव्ह व आयरा लाँजिनी यांनी १९८५ मध्ये ५२ शहरांमधील विमान प्रवाशांच्या आकड्यांवरून १९६८ च्या हाँगकाँग इन्फ्ल्यूएंझाचा जगभर झालेला प्रसार पुन्हा उभा केला. हेथकोट व यॉर्क यांनी अमेरिकेतील परमा या रोगाविषयी असे दाखविले, की तो पुनःपुन्हा बाधित होणाऱ्या एका लहान गटामुळे टिकून असतो व तो गट वगळल्यास नष्ट होईल.

वय व जर्मन गोवर : रचना विसरल्यास चांगला हेतूही उलटू शकतो, याचे उदाहरण जर्मन गोवर (रुबेला) या रोगाचे आहे. मुलांना तो सौम्यच होतो. गरोदर स्त्रीस पहिल्या महिन्यांत झाल्यास गर्भाला अंधत्व, बहिरेपणा व हृदयविकार जडतात. लस थोड्याच मुलांना दिली, तर रोगाचा फैलाव मंदावतो, परंतु थांबत नाही. लस न घेतलेल्या मुलींना तो लहानपणी न होता पुढे विशीत होतो. म्हणजे एकूण रुग्ण घटूनही व्यंग असलेली बालके वाढू शकतात. रॉय अँडरसन व रॉबर्ट मे यांनी १९८० नंतर वयोगटांचे आव्यूह वापरून हा धोका मोजला. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास लस आली. परंतु लसीकरणाचे प्रमाण अनेक वर्षे निम्म्याहूनही कमी राहिले. १९९३ मध्ये तेथे तरुण वयातील लोकांत मोठी साथ आली व त्यापाठोपाठ जन्मजात रुबेलाग्रस्त बालके जन्मली.

भारतात ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घेताना हा अनुभव समोर होता. २०१७ मध्ये सुरू झालेली गोवर-रुबेला मोहीम केवळ तान्ह्या बालकांपुरती न ठेवता ९ महिने ते १५ वर्षांखालील सर्व मुलांसाठी, म्हणजे सु. ४१ कोटी मुलांसाठी आखण्यात आली. शाळाशाळांतून एकदम टोचणी का, हा पालकांचा प्रश्न त्या वेळी वारंवार ऐकू आला. त्याचे उत्तर वयरचनेच्या गणितात आहे.

वयोगटांचे आव्यूह दीर्घकाळ अंदाजाने भरले जात. यूरोपातील आठ देशांत ७,२९० व्यक्तींना एका दिवसातील संपर्कांची दैनंदिनी लिहावयास लावून मिळविलेली माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष मोजमापाचा आधार मिळाला. माणसे मुख्यतः आपल्याच वयाच्या माणसांत वावरतात व शाळकरी मुले सर्वांत अधिक, हे तीत स्पष्ट दिसले. भारतातील अनेक पिढ्यांच्या कुटुंबांना हे कोष्टक जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

कोविड-१९ व मुंबई : २०२० मधील महासाथीत या शास्त्राची सर्वांत मोठी कसोटी लागली व तिच्यात मुंबई पुन्हा एकदा समोर आली. जुलै २०२० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग व बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी शहराच्या तीन प्रभागांत सु. ७,००० व्यक्तींचे रक्त तपासले. झोपडपट्टीतील निम्म्याहून अधिक लोकांत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. त्याच प्रभागांतील इतर वस्तीत हे प्रमाण सु. १६% होते. रस्त्याच्या एका बाजूस साथ जवळजवळ होऊन गेलेली आणि दुसऱ्या बाजूस ती अजून यावयाची, अशी ही स्थिती होती. सामाईक शौचकूप असलेल्या दाट वस्तीत अंतर पाळणे अशक्य होते, एवढेच याचे कारण. टाटा संस्थेच्या व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सु. सव्वा कोटी मुंबईकरांना घरे, झोपडपट्ट्या, कामाची ठिकाणे व लोकल गाड्या यांत संगणकावर विभागून शहराचे प्रतिमान तयार केले; कार्यालये व गाड्या टप्प्याटप्प्याने सुरू करण्याच्या विचारासाठी ते वापरण्यात आले.

देशाची लोकसंख्या एकच धरणाऱ्या प्रतिमानांचा अनुभव निराळा आला. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये, देशातील साथीचे शिखर होऊन गेले असून नियम पाळल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती जवळजवळ संपेल, असा अंदाज दिला होता. त्याच फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि मार्च-एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने देश व्यापला. विषाणूचा नवा, अधिक वेगाने पसरणारा प्रकार हे त्याचे एक प्रमुख कारण होते व ते कोणत्याही प्रतिमानास आधी कळणे शक्य नव्हते. परंतु त्या लाटेत मुंबई महापालिकेच्या नोंदींतील बहुसंख्य रुग्ण झोपडपट्ट्यांतील नव्हते, तर इमारतींतील होते. चाचणी करून घेण्याची ऐपत व सवय इमारतींत अधिक असल्याने या नोंदींतही एक कल आहे. तथापि जुलै २०२० च्या रक्ततपासणीत जो १६% चा आकडा आला होता, तो याच इमारतींचा होता.